मडगार्डवरची खिडकी

“वहिनी, रंग उतरवायचं काम चाललंय तवर बाळाला हिकडं आणत जाऊ नका,” दस्तगीरमामा म्हणाले.

गार्गी माझ्या कडेवर होती. सतरा महिन्यांची. तिला शेड आवडायची, कारण तिथे बाबा होते आणि मोठ्ठं गोल स्टिअरिंग होतं. मी हवेत हात हलवून तिच्या तोंडावर बसणारी माशी हाकलत होते.

“का हो मामा?”

त्यांनी हातातला पॉलिशपेपर पाण्याच्या डब्यात बुडवला. “जुन्या गाडीचा रंग निघतो तवा त्याच्यातनं जुन्या मालकाची माया निघती. मोठ्या माणसाला ती काय करत न्हाई, बारक्या पोरांस्नी धरती. आमच्या वस्तादांचा नेमच हुता. ह्या कामाची कापडं घरी न्यायची न्हाईत. हितंच हातपाय धुवायचं, हितंच कापडं बदलायची, मग उंबऱ्याबाहीर.”

“मामा, असल्या गोष्टी मी नाही मानत,” मी म्हणाले. “पण छान आहे हे. लिहून घेऊ?”

“लिवा की. पर बाळाला घरात ठिवून या.”

मी लिहून घेतलं. इतिहासात एम. ए. झालेली बाई दुसरं काय करणार? गार्गीला मात्र कडेवरून खाली उतरवलं, तिथेच, गाडीच्या फूटबोर्डवर.

ही पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या बाजूला राहत होतो. पुढे घर, मागे पत्र्याची शेड. रणधीर, माझा नवरा, तिथे जुन्या गाड्या दुरुस्त करून पुन्हा उभ्या करायचा. त्याच्या आधीच्या गाड्या साध्या होत्या. ही वेगळी होती. वेनराइट नावाच्या एका इंग्रज कारखान्याची, दोन माणसांची, बिनछपराची स्पोर्ट्‌स गाडी. लांब नाक आणि मागे बदकासारखी उचललेली शेपटी. भारतात अशा तीनच आल्या होत्या, असं रणधीर सांगायचा, आणि सांगताना आवाज खाली आणायचा.

ती त्याला शिरोळकडे एका पोल्ट्रीत सापडली होती. मागची डिकी उघडली तेव्हा आत पेंढा आणि सात अंडी निघाली. पोल्ट्रीवाले पाटील म्हणाले, “गाडी न्या, पण अंडी ठेवा.”

गाडीचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. गाडी कुणाकुणाच्या हातून फिरली, मूळ रंग कुठला, हे नीट लिहून दिल्याशिवाय जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात तिला मान मिळत नाही. बाळ झाल्यापासून मी घरातच होते. मला हे काम देवानं धाडल्यासारखं वाटलं.

पण कागद फार थोडे होते, आणि इथेच मामांची करामत कामाला आली. दस्तगीर मुल्लाणी चाळीस वर्षं गाड्या रंगवत आले होते. त्यांनी डाव्या मडगार्डवर तळहाताएवढी जागा निवडली आणि पाणी मारत मारत, गोल गोल, हलक्या हातानं घासायला सुरुवात केली. मधे जास्त, कडेला कमी. तासाभरात तिथे आडव्या कापलेल्या कांद्यासारखी वर्तुळं उमटली. एकात एक, वेगवेगळ्या रंगांची.

“ही झाली खिडकी,” मामा म्हणाले. “आता बघा गाडीच्या पोटात कोण कोण हाय ते.”

सगळ्यात बाहेरचं वर्तुळ करड्या रंगाचं.

“हे पाटील,” रणधीर म्हणाला. “डबाभर रंग पोल्ट्रीच्या दाराला आणि उरलेला गाडीला.”

त्याच्या आत भडक लाल. तो सिनेमाच्या स्टुडिओला गाड्या पुरवणाऱ्या ठेकेदाराचा निघाला. त्याच्या आत साईसारखा पांढरा, तो मिरजेच्या एका डॉक्टरांचा. आणि त्याच्याही आत, करंगळीच्या नखाएवढा, काळपट हिरवा. एका लहानशा जहागिरीच्या धाकट्या सरदारांनी छत्तीस साली ती बोटीनं मागवली तेव्हाचा. अगदी मधोमध, पत्र्याला घट्ट चिकटलेला, शेंदरी ठिपका.

“हा कुणाचा?” मी विचारलं.

“ह्यो कुणाचाच न्हाई. शेंदराचं अस्तर. पत्रा गंजू नये म्हणून पैल्यांदा देत्यात.”

मी प्रत्येक रंगाचा सुटलेला तुकडा वहीत डिंकानं चिकटवला. समोर मालकाचं नाव, गाव, साल. शेंदराचा तुकडाही चिकटवला आणि समोर लिहिलं, ‘मालक नाही’. ती वही मला फार सुंदर वाटायची. हॉलमधल्या खालच्या फळीवर ठेवायचे, म्हणजे गार्गी झोपली की चटकन हाताशी यायची.

पुढचे दोन महिने गाडी सोलण्यात गेले. मामा ओलं करून घासायचे, त्याला वेळ लागायचा. रणधीरला मेळावा गाठायचा होता. तो मशीन लावून कोरडंच घासायचा. शेडमध्ये लालसर धुकं भरायचं, आणि तो तसाच चहाला घरात यायचा.

“मालक, कापडं,” मामा आठवण करायचे.

“मामांचं सोवळं सुरू झालं बघ,” रणधीर मला म्हणायचा. मी हसायचे.

मी बेफिकीर आई नव्हते. उलटच. बाटल्या वीस मिनिटं उकळायचे, घड्याळ लावून. द्राक्षं चार तुकडे करून द्यायचे. गार्गीची एक डायरी होती. किती वाजता झोपली, काय खाल्लं, शी कशी झाली, कुठला नवा शब्द बोलली. त्या वेळी तिचे अकरा शब्द होते. आई, बाबा, पाणी, भू, माऊ, दे, नको, गाई, चांदो, मामा, आणि गाडीसाठी ‘दाडी’.

जूनमध्ये ती जेवेनाशी झाली. डायरीत लिहिलंय, ‘दाढा येत असाव्यात’. मग चार चार दिवस पोट साफ होईना. रात्री किरकिर नव्हती, ती दिवसाच, विनाकारण, पाय झाडून. मग एका मंगळवारी शब्दांच्या खाली मी एक ओळ लिहिली, ‘आठवड्यात नवीन काही नाही’. पुढच्या मंगळवारी शब्द मोजले. सात.

“मुलं विसरतात गं,” रणधीर म्हणाला. “नवं शिकायच्या आधी जुनं टाकतात.”

“कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. वाटतं आपलं.”

डॉक्टर मगदूम शांत गृहस्थ. त्यांनी गार्गीची पापणी खाली ओढून पाहिली. “रक्त कमी आहे. लोहाचं टॉनिक देतो. दूध थोडं कमी करा, डाळ-भाजी वाढवा.”

“आणि बोलणं?”

“दोन वर्षांपर्यंत वाट बघू. पहिलटकरणींना फार काळजी असते.” ते हसले. हसण्यात कुचेष्टा नव्हती. माझ्यासारख्या आया त्यांच्याकडे दिवसाला दहा येत असणार.

टॉनिक तीन आठवडे दिलं. ती आणखी फिकट झाली. शब्द चार उरले. मी शेडच्या दारात उभी राहून “गार्गी, दाडी कुठे?” असं विचारलं, तेव्हा तिने गाडीकडे पाहिलंही नाही. माझ्या ओढणीचं टोक तोंडात घालून चावत राहिली.

मामा बॉनेटवर वाकले होते. त्यांनी मान वर केली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहिलं.

“किती दीस झालं असं?” त्यांनी विचारलं.

“महिना होऊन गेला.”

“पोट धरती?”

“हो.”

“माती खाती का? भिंतीचा पोपडा, खडू, असलं काय?”

“सगळंच तोंडात घालते. मामा, का विचारताय?”

त्यांनी पेपर खाली ठेवला, डब्यात हात धुतले, पुसले, मग पुन्हा धुतले. “वस्तादांचा धाकटा पोरगा असाच झाला हुता,” ते म्हणाले. “बाळकू वस्ताद. सरकारी गराजला हुते. दुपारचं जेवायला घरला जायचे, तसंच धुळीच्या कापडात. बारकं धावत यायचं आन् छातीला बिलगायचं. मग जेवंना झालं. पोट धरून रडायचं. मग बोलायचं थांबलं. मग झटकं आलं.”

“मग?”

“तीन वर्साचा बी झाला न्हाई.”

मी गार्गीला उचललं. 

“म्हणजे ती माया—”

“माया कसली वो वहिनी,” मामा म्हणाले. “धूळ. सफेद्याची, शेंदराची. वस्तादांना पक्कं ठाव हुतं. पर धूळ म्हणलं तर गराजातली पोरं ऐकतील व्हय? धूळ तर रोजचीच. म्हणून त्यांनी मालकाची माया लावून दिली. त्याला पोरं भ्यायची. झटदिशी कापडं बदलायची. आम्हास्नी बी तसंच शिकवलं, आन् मी बी तेच सांगत आलो. तुमी शिकल्याल्या. तुमास्नी धूळ म्हणूनच सांगाय पायजे हुतं. चुकलं माजं.”

शेंदूर आणि सफेदा दोन्ही शिशापासून करतात, हे कधीतरी वाचलेलं मला आत्ता आठवलं. तुमचं नाही चुकलं, एवढंसुद्धा मी त्यांना म्हणाले नाही. तशीच मगदूमांकडे गेले. रिक्षात गार्गीच्या केसांत बोटं घातली तर बोटांना बारीक लाल भुकटी लागली. मी ती ओढणीला पुसली, आणि मग ओढणीकडे बघत बसले.

“डॉक्टर, शिसं तपासा,” मी आत शिरताच म्हणाले.

“शिसं?”

“घरामागे जुन्या गाडीचा रंग खरवडतोय आम्ही. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वीचा.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, “हे मी विचारायला हवं होतं.” रक्त मुंबईला पाठवायचं होतं. सहा दिवस लागणार होते. तोवर घर पुसा, ओल्या फडक्यानं, झाडू नका, आणि मुलीला तिथून हलवा, असं त्यांनी सांगितलं. रक्त काढताना गार्गी रडली नाही. मला तेच जास्त लागलं.

त्या संध्याकाळी रणधीर ओल्या फडक्यानं फरशी पुसत होता आणि मी सांगलीला माहेरी जायची बॅग भरत होते. बॅगेत वाचायला काहीतरी असावं म्हणून मी खालच्या फळीवरची वही उचलली. रंगांचं पान उघडलं. करडा तुकडा होता. लाल होता. पांढरा नव्हता. हिरवा अर्धा होता. शेंदराच्या जागी डिंकाचा पिवळा डाग होता, आणि पानाचा कोपरा ओला होऊन वाळलेला, चार इवल्या दातांच्या खुणांसकट.

हे मी आधीही पाहिलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी. तेव्हा डिंक सुटला असं वाटून मी आणखी एक शेंदराचा तुकडा आणून पुन्हा चिकटवला होता.

“माझ्या कपड्यांनी झालं हे सगळं,” रणधीर मागून म्हणाला. तो गुडघ्यांवर बसला होता, फडकं हातात. “मामा रोज सांगत होते. मी ऐकलं नाही. केतकी, तिला काही झालं तर…”

मी वही मिटली आणि बॅगेच्या तळाशी घातली.

दोन दिवस मी त्याला तसंच वाटू दिलं. तिसऱ्या दिवशी सांगलीहून फोन केला आणि वहीचं सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, “दोघांनी मिळून केलं म्हणायचं.” त्यानं पहिल्या दिवशी रडून घेतलं होतं. मी फोन ठेवून रडले.

आकडा आला अडतीस. पाचच्या आत हवा. डॉक्टरांनी फोनवर सावकाश समजावलं. पंचेचाळीसच्या पुढे गेला असता तर दवाखान्यात ठेवून औषध द्यावं लागलं असतं. आता तिला त्या धुळीपासून लांब ठेवायचं, लोह आणि कॅल्शियम द्यायचं, दर महिन्याला रक्त बघायचं. “हळूहळू उतरेल,” ते म्हणाले. “गेलेलं सगळं परत येईल का, ते मी आज सांगू शकत नाही. आणि हो, त्या कामाशी संबंध आलेल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या.”

“हो,” मी म्हणाले.

रणधीरनं केली. मी केली. त्याचा थोडा वाढलेला होता, माझा ठीक.

सांगलीला आम्ही पाच महिने राहिलो. अडतीस, एकतीस, सव्वीस. मी आकडे डायरीत शब्दांच्या शेजारी लिहीत गेले. ऑक्टोबरात एका सकाळी गार्गी माझ्या आईच्या ताटातल्या भाकरीकडे बोट दाखवून “दे” म्हणाली. आईनं अख्खी भाकरी तिच्या हातात दिली. कुणी काही बोललं नाही, उगाच नजर लागायला नको म्हणून. असल्या गोष्टी न मानणारी मीसुद्धा गप्प बसले.

दिवाळीच्या आधी मामा सांगलीला आले. एस.टी.नं. फाटकाबाहेर उभे होते, धुतलेला पांढरा सदरा, डोक्याला टोपी, हातात केळ्यांची पिशवी. आत या म्हटलं तर येईनात.

“हितनंच बघतो,” म्हणाले. “आंघोळ करून आलोय, पर नको.”

मी गार्गीला अंगणात सोडलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. अकरा शब्दांत एक शब्द ‘मामा’ होता आणि तो अजून परत आला नव्हता. आईनं चहा आणला. मामांनी कप डाव्या हातात घेतला. उजवा हात पुढे आणला तेव्हा पंजा मनगटातून खाली लोंबत होता, बांधलेल्या गाठीतून सुटल्यासारखा. त्यांनी तो कपाखाली नुसता टेकवला.

“हाताला काय झालं मामा?” मी विचारलं.

“आखडलाय जरा. वयाचं हाय वो. बाळ बोलतंय का?”

“बोलतेय. पाच शब्द झाले.”

“अल्लाची मेहेरबानी.” त्यांनी चहा फाटकाच्या खांबावर ठेवला, अर्धा. “मालकांस्नी सांगा, राहिल्याली गाडी पाणी मारूनच घासा म्हणावं. माजं येनं व्हायचं न्हाई आता.”

मला वाटलं, त्यांना अपराधी वाटतंय म्हणून येत नाहीत. तेवढ्यात गार्गीनं केळ्याची पिशवी ओढली आणि “केऽ” असा आवाज काढला. तो शब्द धरायचा की नाही, यात माझं सगळं लक्ष गेलं. मी वर पाहिलं तोवर ते रस्त्याला लागले होते.

गाडी दुसऱ्या वर्षी पुरी झाली. दुसऱ्याच रंगाऱ्यानं रंगवली, सरदारांच्या काळपट हिरव्या रंगात. फक्त डाव्या मडगार्डवरची खिडकी आम्ही तशीच ठेवली, वरून काचेसारखा पारदर्शक लेप देऊन. मेळाव्यात लोक तिच्यापाशीच वाकायचे. शेजारच्या पाटीवर मी लिहिलेला इतिहास होता. सरदार, डॉक्टर, ठेकेदार, पाटील, आणि रणधीर इंगवले. एका गृहस्थांनी विचारलं, “ही वर्तुळं कुणी काढली हो? हात काय आहे.” मी सांगितलं, “आमचे एक मामा होते.” होते, असं म्हणाले मी. का म्हणाले, कुणास ठाऊक.

गार्गी आता सहा वर्षांची आहे. बडबडते. शाळेत बाई म्हणतात, छान आहे, थोडी हळू आहे, मुलं वेगवेगळ्या वेगानं शिकतात. ती बोट ठेवून वाचते, आणि एखाद्या जोडाक्षरापाशी बोट थांबलं की मी हातातलं काम सोडते. ते अक्षर तसंही अवघड आहे, की त्या दोन महिन्यांमुळे अवघड आहे, हे मला कधीच कळणार नाही.

गेल्या महिन्यात तिचं शेवटचं रक्त तपासलं. तीन. डॉक्टर मगदूमांनी फाइल मिटली, आणि मिटता मिटता विचारलं, “तुमच्याकडे ते रंगारी होते ना, ज्यांनी ओळखलं? त्यांचा आकडा किती आला होता? चाळीस वर्षं काम म्हणजे मनगटं गेली असतील एव्हाना. मोठ्या माणसांत शिसं आधी तिथेच दिसतं.”

मी म्हणाले, “विचारून सांगते.”

तिथूनच रिक्षा केली. मामांच्या गल्लीत मी पहिल्यांदाच जात होते. दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, बायको गेल्यावर मुलगी घेऊन गेली त्यांना, तीन वर्षं झाली. निपाणीच्या पुढे कुठेतरी. गावाचं नाव आठवेना त्यांना. जावयाचं पंक्चरचं दुकान आहे एवढं माहीत होतं. “हात पार गेले वो त्यांचे,” त्या म्हणाल्या. “शर्टाचं बटण बी लेक लावायची. पोटात बी दुखायचं. पर कुरकुर करणारा माणूस न्हवं त्यो.”

रणधीर आणि मी दोन रविवार निपाणी ते संकेश्वर रस्त्यावरची पंक्चरची दुकानं विचारत फिरलो. अजून सापडले नाहीत. म्हणून हे लिहिलं.

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला राहत असेल तर एवढं करा. दस्तगीर मुल्लाणी, वय सत्तरीच्या आसपास, उंच, सडपातळ, पूर्वी कोल्हापुरात गाड्या रंगवायचे. मुलीचं नाव जैबुन. भेटले तर त्यांना दोन्ही हात समोर सरळ धरायला सांगा आणि पंजे उचलले जातात का ते बघा. ते म्हणतील, वयाचं आहे. ऐकू नका. जवळच्या दवाखान्यात न्या, रक्तातलं शिसं तपासायचंय असं सांगा, आणि मला कळवा. मी त्याच दिवशी येते.